बंदीचे महिने

डिसेंबरच्या एक तारखेला सरकार तलावाला कुलूप लावायचं.
तीन महिने जाळं पाण्यात घालायचं नाही,
माशांचीही वंशवेल वाढू द्यायची.
त्या तीन महिन्यांतच आमची मंडळी भरायची.

जाळी आढ्याला टांगून
चितालूआजोबा यायचे, कबासो यायचा,
दोघींपैकी कुठल्या बायकोला आणायचं ते न ठरल्यामुळे
काटोंगो एकटाच येऊन दाराशी बसायचा.
बाबा सांगायचे, त्या दोघा भावांनी जाळी तिथेच टाकली
आणि हाक मारणाऱ्याच्या मागे निघाले.
चितालूआजोबा विचारायचे, ओली जाळी?
कुजली असतील. वाळवली कोणी?
आणि होडीत राहिलेल्या म्हाताऱ्या बापाने
त्या रात्री काय खाल्लं?
बाबा वहीत लिहून घ्यायचे: उत्तर शोधणे.

आम्ही किट्वेहून आलेलो. तिथे बाबा तांब्याच्या खाणीत
माणसं खाली-वर नेणारा पाळणा चालवायचे.
पाण्याशी त्यांचा संबंध नळापुरता.
बेटावर उतरताना आईचं शिवणयंत्र
चार जणांनी बाळंतिणीसारखं जपून धरलं होतं,
आणि माझा शाळेचा दाखला तिच्या चितेंगेच्या गाठीत.
तो भिजला.
मास्तरांनी शाईचा निळा डाग उलटसुलट पाहिला
आणि मला एक इयत्ता खाली बसवलं.
बाबा दाखले देण्यात पटाईत,
हा एकच त्यांना देता आला नाही.

घर दोन खोल्यांचं. त्यातली एक प्रभूची, असं आई म्हणायची,
आणि प्रभूला सदा भूक लागलेली.
वर्ग लांबला की ती उब्वालीच्या आधणात
आणखी एक तांब्या ओतायची.
एकदा सुकी चिसेन्से माझ्या ताटातून उचलून
तिने कबासोला वाढली. मी रडले.
तो शिकतोय गं, ती म्हणाली.
मी म्हटलं, मीपण शिकतेय. पाचवी. दुसऱ्यांदा.
चितालूआजोबांना हसता हसता ठसका लागला.
चिसेन्से परत कोणी दिली नाही.

मग मार्च उजाडला.
पहाटे चिखलातून बांबू उपसल्याचे आवाज,
आणि सकाळी फळ्यासमोर फक्त
काटोंगोची विसरलेली एक चप्पल.
बाबा त्या चपलेसमोर अर्धा तास बसले.
आईचं यंत्र चालूच होतं. पाय न थांबवता ती म्हणाली,
त्यांनी जाळी सोडायची
आणि तुम्हाला खुर्ची सोडवत नाही?

त्या रात्री बाबा कबासोच्या होडीत बसले.
एका खोडाची, अरुंद होडी. ते मधोमध, दोन्ही कडा धरून.
जमिनीखाली आठशे मीटरवर न घाबरलेला माणूस
छातीएवढ्या पाण्याला घाबरला.
तीनदा ओकला.
मग जाळं त्यांच्या सदऱ्याच्या बटणात अडकलं.
उत्तररात्री लव्हाळ्यांत होडी लावून
चितालूआजोबांनी चाकूने ते बटण कापलं,
कापता कापता विचारलं,
पाळक, तेवढं राहिलंय. त्या बापाचं काय झालं?
बाबा म्हणाले, मला माहीत नाही.
आजोबा म्हणाले,
बरं. मग आता बोलू या.

हे बाबांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही.
कबासोने सांगितलं, बावीस वर्षांनी.
तो आता मंडळीचा वडील आहे,
आणि बंदी असो नसो, वर्ग होडीत घेतो.
पुढे दोघांत काय बोलणं झालं
ते त्यालाही नीट आठवत नाही. त्याला झोप लागली होती.

मला फक्त ती सकाळ आठवते.
बाबा दारात, सदरा बेंबीपर्यंत उघडा, हातात दोन मासे,
तेही कोणीतरी दिलेले.
लुबुतो, आमचं शेंडेफळ, किट्वे न पाहिलेला,
त्यांच्या कुशीत शिरला, हुंगला आणि म्हणाला,
बाबा, आता तुम्हाला आपल्यासारखा वास येतो.
आईने डब्यातून एक बटण शोधलं.
रंग जुळत नव्हता. तेच लावलं.