खिळा

नायना आधी खिळा ठोकायचा.
मोर नंतर.

साखर पेठेतल्या खोलीत भिंतीला टेकवलेलं प्लाय,
डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली,
चहाच्या पेटीतून उपटलेला खिळा
आणि त्याला बांधलेलं वीस नंबरचं सूत.
शेजारी चिकटवलेला वीतभर मोर,
चादरीच्या काठावरचा.
सेठला तो आता पडद्यावर हवा होता,
दुप्पट.

"दोरा धर," नायना तेलुगूत म्हणायचा.
मी धरायची, खिळ्यापासून मोराच्या डोळ्यापर्यंत.
मग तेवढाच आणखी पुढे,
त्याच रेषेत, इकडेतिकडे नाही.
तिथे पेन्सिलीचा ठिपका.
मग चोचीचं टोक. मग तुरा, तिन्ही टोकं.
मग पिसाऱ्यातले डोळे, एकेक,
दर वेळी परत खिळ्यापाशी येऊन.
एकदा कंटाळून मी खिळा सोडला,
नव्या डोळ्यापासून नवी चोच
अंदाजानं ठेवली
आणि मोराचा पोपट झाला.
नायना हसला नाही. खोडरबर दिलं.

ठिपके जोडले की मोर उभा,
दुप्पट, पण तोच.
चोच तेवढीच टोकदार.
कोनाला वाढ लागत नाही,
हे नववीत हत्तुरे सरांनी
फळ्यावर दोन त्रिकोण काढून सांगितलं तेव्हा
वर्ग वहीत उतरवत होता
आणि मी बोटाला करकचलेलं सूत आठवत होते.

त्या पडद्याला सूत मात्र कमी पडलं.
मोर दुप्पट, म्हणून बसलिंगप्पा मुनीमनं
सूतही दुप्पट दिलं होतं.
"बाकीचं कुठं गेलं, मल्लय्या?"
नायनानं बिलाच्या पाठीवर एक चौकोन काढला,
शेजारी एक, वर दोन.
लांबी दोन. उंची दोन. मोजा.
मुनीमनं मोजलं. चष्मा पुसून परत मोजलं.
माफी मागितली नाही,
पण लडी लिहून दिल्या,
आणि ते बिल खिशात घालून घरी नेलं.

खिळा बाहेर असला
की मोठं होणं म्हणजे लांब जाणंही,
हे मला उशिरा कळलं,
श्रीनिवासअण्णा भिवंडीला गेला तेव्हा.
पोटात खिळा ठोकलेला मोर
जागच्या जागी चहूकडून फुगतो,
तसंही करता येतं.
नायना गालिच्याच्या मधल्या फुलाला तसंच करायचा.
आणि बाळाच्या दुपट्यासाठी
दोऱ्याची निम्मी घडी,
की मोर लहान होत होत
खिळ्याकडे सरकायचा.

आता मी अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
कॉम्प्युटरवर नक्षी करते.
परवा नवा मुलगा, इर्शाद, हैराण:
"ताई, तिप्पट केला तर मोर पडद्याबाहेर पळाला!"
त्याच्या पडद्यावर बारीक अधिकचं चिन्ह होतं,
कोपऱ्यात, त्याच्या लक्षातही न आलेलं.
मी ते उचलून मोराच्या छातीवर ठेवलं.
"आधी खिळा," म्हटलं.
"कुठला खिळा?" तो म्हणाला.

जो हलत नाही तो.
त्याचं स्वतःपासूनचं अंतर शून्य,
तिप्पट करा, शंभरपट करा,
तो तिथंच.
एवढं सगळं बोलले नाही मी त्याला.
चहा आला होता.

ते प्लाय अजून आहे,
अंगणातल्या पाण्याच्या पिंपावर, झाकण म्हणून.
खिळा कधीच गंजून गळाला, भोक राहिलं.
पाचव्या दिवशी नळ येतो, पिंप काठोकाठ भरतं,
तेव्हा भर दुपारी कड जराशी उचलून पाहिलं
तर भोकातून आलेला उन्हाचा ठिपका
पाण्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा.
मग आम्ही पाणी वापरतो,
पातळी खाली खाली जाते
आणि तो वाढत जातो.
काल चवथा दिवस.
तळाशी दोन तांबे पाणी होतं
आणि त्यावर
चांगला रुपयाएवढा.