चवीपुरतं

थर्मामीटरएवढी काडी,
टोकाला दोन चकाकते ठिपके.
सूपच्या वाटीत बुडवायची, तीन श्वास थांबायचं,
मिठाचा आकडा उजळतो.
एवढ्यासाठी मी गुडघाभर बर्फातून
बारा घरं फिरते,
आरोग्य समितीचा हिरवा ॲप्रन
कोटावरून बांधून.

पहिलं घर हात्सुनोचं.
तिनं काडी पाहिली आणि पातेल्यात
पटकन तांब्याभर पाणी ओतलं.
मी बुटांचे बंद सोडत राहिले.
शून्य पूर्णांक सहा.
"बघ, अळणीच खातो आम्ही."
आणि लगेच चहा, चहाबरोबर बशी:
चुलीवरच्या धुरात टांगून
मग कोंड्यात मुरवलेला मुळा,
तीन चकत्या, खारट, कुरकुरीत.
नको म्हणायची सोय नाही.
या खोऱ्यात मुळ्याला नको म्हणणं म्हणजे
त्या घरच्या सासूला नावं ठेवणं.

रोज किती वाट्या सूप?
तीन. पाहुणे आले तर चार.
नूडल्सचं उरलेलं पाणी पिता?
मग काय, ओतून देऊ?
दिवसाला किती चालता?
फावड्यानं बर्फ उपसणं
चालण्यात धरतात का?
(मला माहीत नव्हतं. धरलं.)
झोप किती?
छपरावर बर्फ किती, त्यावर.
दारू?
हा बाहेर गेला की सांगते.

देवदारांच्या खाली, शेवटचं घर
तोकुजिरोचं. एक्याऐंशी वर्षांचा,
आयुष्यभर करवत ओढलेला.
त्यानं पाणी घातलं नाही.
वाटी पुढे सरकवली, जशी
जुनी जखम डॉक्टरपुढे.
एक पूर्णांक सहा.

"मासाए होती तेव्हा रोज कुरकुरायचो,
सूप दरवर्षी पाणचट होतंय म्हणून.
ती म्हणायची, जीभ म्हातारी झाली तुमची.
मीही तेच धरून चाललो.
ती गेल्यावर मिसोचं पिंप हलवलं,
मागच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेलं,
साल, आणि पुढे मिठाच्या मुठी.
दरसाल अर्धी मूठ कमी.
अकरा वर्षं. चकार शब्द नाही."

मग?

"मग मी माझ्या हातानं घातला मिसो.
मला हवा तसा.
पहिल्या वाटीला कळलं,
मला हवा तसा नाहीच तो."

तरी पिता?

"पिंप मोठं आहे. एप्रिलपर्यंत पुरेल."

फॉर्ममध्ये एक रकाना असतो, सल्ला.
मिसो निम्मा घाला, बटाटा, कोबी वाढवा,
हे मला पाठ आहे, झोपेत म्हणेन.
पण त्याच्यापुढे मी
मिठाची गुळणी धरून बसले.
त्यानं बशी पुढे केली.
जाड कापलेल्या चकत्या, पुरुषी हाताच्या.
चार खाल्ल्या.

रात्री स्वतःचा फॉर्म.
समितीचा नियम आहे, आधी आपलं घर.
ते मी दरवर्षी शेवटी ठेवते.
दंडाला पट्टा आवळला, यंत्र गुरगुरलं,
वरचा आकडा एकशे अठ्ठावन्न.
बोटांवर मोजलं: अकरा घरं, तीन-तीन,
शेवटच्या घरी चार.
सदतीस चकत्या मुळा
मीठ कमी खा सांगता सांगता.

खाल्ल्या मिठाला जागायचं
तर कुणाच्या बाजूनं?
हात्सुनोचा शून्य पूर्णांक सहा तसाच ठेवला,
पुढे बारीक अक्षरात: पाणी घातलेलं.
माझ्या नावापुढे सदतीस लिहिलं,
खोडलं,
पुन्हा लिहिलं.

न्हाणीघरातून नवऱ्याचा आवाज,
आजचं सूप झकास होतं म्हणून.

एप्रिलात मिसो घालताना
यंदा मुठी मोजणार आहे.
पेन्सिल आत्ताच ठेवून आले पिंपामागे.
त्याला सांगायचं की नाही
ते अजून ठरलेलं नाही.