अनंतावरचं बोट

उद्यमबागेत, दोन फौंड्र्यांच्या मधल्या बोळात
आमची खोली. खिडकी नाही.
दार लावलं की बाहेरचे हातोडे
पाण्याखालून आल्यासारखे.

टेबलाच्या एका टोकाला कॅमेरा, स्क्रूनं जखडलेला.
समोर आरसा, आतून खोलगट घासलेला.
अंतर साडेपाच फूट.
पण आरशावरून किरण समांतर निघतात
आणि कॅमेऱ्याला वाटतं, लांबचं बघायलोय,
जिथनं पुढं लांब असं काही उरत नाही.

त्याला आम्ही रात्र दाखवतो.
बेंगळूरच्या कुणा पोरानं बसून रचलेली :
डोंगर, एकाच जातीची झाडं,
आणि एक माणूस चालत येणारा.
चाळीस सेकंदांत ओढा ओलांडतो,
पाय भिजत नाहीत,
पुन्हा पहिल्यापासून निघतो.
दिवसाला सातशे खेपा.
मी त्याला भैरू म्हणते. रिपोर्टात लिहीत नाही.

तीनशे बाराव्या ओळीत एक ठिपका मेलाय.
तिथं पोचला की भैरूचा गुडघा जातो.
मग येतो परत.

बाबा पलीकडच्या फौंड्रीत
लोखंडाचा रंग बघून सांगायचे, आता ओता.
तीस वर्षं त्यांचे डोळे कुणी तपासले नाहीत.
तपासले ते रिटायर झाल्यावर. पाटी कन्नडची.
दुसऱ्याच ओळीत अडले :
नजर कमी की अक्षरओळख,
डॉक्टरला कळेना. त्यांनीही सांगितलं नाही.

काल भैरूला थांबवून
रेघांची काळी पट्टी बसवायची होती.
ईरण्णा हातमोजा विसरला.
एकच बोट, टेकलं न टेकलं.

पडद्यावर, पार अनंतावर,
बोट उगवलं.
डोंगराएवढं. वळणावर वळण,
उतारावर बांध घालत गेल्यासारखी,
मधे एक आडवी खूण,
कधीतरी विळा लागलेला असणार.
यंत्रानं भोवती चौकट आखली :
उष्ण. अनोळखी. अंतर मोजता येत नाही.

‘एन अक्का इदु?’
‘तुझंच की रे.’

तो स्वतःच्या बोटाकडं बघत राहिला
आणि मी पडद्याकडं.
अकरा सेकंद होतं.
कडेनं विझत विझत आत गेलं,
शेवटी ती खूण तेवढी.

‘पुसू काय?’ म्हणाला.
आता काय पुसणार?
हातमोजे घाल म्हटलं.
रिपोर्टात ‘दिसलेली चूक’ असा रकाना आहे,
तो जेवून आल्यावर बघू म्हणून ठेवला.

मग भैरूला परत सोडला.
झाडं. ओढा.
गुडघा गेला.
आला.