ओ

मेयोच्या रक्तपेढीत पांढऱ्या टाइलवर
मी रोज तीन थेंब ठेवते:
एक निळा, एक पिवळा, एक बिनरंगाचा,
आणि प्रत्येकात माणूस मिसळते, काडीच्या टोकाएवढा.
निळ्यात नासलं दुधासारखं, तर ए.
पिवळ्यात नासलं, तर बी.
दोन्हींत सपाट राहिलं
तर वहीत एकच अक्षर, ओ.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी
गोळीबार चौकातले हेमराज निखारे आले.
पोरीच्या पोटरीत नायलॉनचा मांजा गेलेला,
हाडापर्यंत.
"माहं घ्या, लागंल तेवढं घ्या."
स्वेटरची बाही आधीच वर.

त्यांचं निळ्यात नासलं.
कुंदाबाईंचं पिवळ्यात.
पोरीचं दोन्हींत नाही.

"बाप ए, माय बी, अन् पोरगी ओ?
हे काऊन मॅडम? चूक तं नाही झाली?"
बाकावरच्या आत्यानं तोंडाला पदर लावला.
कुंदाबाई रक्तदानाचं पोस्टर वाचत राहिल्या,
वरून खाली, पुन्हा वरून.

मी पुन्हा तपासलं. तेच आलं.
मग फॉर्म उलटा करून चार चौकोन काढले.

प्रत्येकाजवळ दोन अक्षरं असतात, म्हटलं,
एक मायचं, एक बापाचं.
ए बोलका. बी बोलका.
एका घरात आले तर दोघंही बोलतात,
कोणी कोणाला दाबत नाही.
ओ मात्र कोणाच्याही शेजारी गप्प.
पुस्तकात त्याला अप्रभावी म्हणतात.
मला तो शब्द कधी पटला नाही,
नुसती हाक आली नसेल त्याला.
तुमच्या ए-मागे एक ओ बसलेला, यांच्या बी-मागे एक.
हे बघा: एबी, ए, बी,
आणि या खालच्या कोपऱ्यात ओ-ओ.
चारातलं एक. दर लेकराला नव्यानं, चारातलं एक.

ते कागदावर वाकले. मागावरची बोटं
चौकोनांवरून फिरली.
"म्हणजे खालून गेलेला धागा.
वरून नाही दिसत. कापड उलटवलं का दिसते."
तसंच काहीसं, मी म्हटलं.

मग आवाज उतरवून,
"म्हणजे पोरगी माहीच?"

बारा वर्षं झाली या टेबलाला.
हो म्हणायला काय जात होतं माझं?
पण म्हटलं, कागद एवढंच सांगतो की असू शकते.
पुढचं या चौकोनांत मावत नाही.
कुंदाबाईंनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.
ती नजर आभाराची नव्हती.

आणि खरी पंचाईत पुढेच.
ज्या दोघांनी तो ओ नकळत सांभाळला होता
त्यांच्यापैकी कोणाचंच रक्त तिला चालत नव्हतं.
तिचं मात्र त्या दोघांनाही चाललं असतं.
बर्डीवरच्या शिबिरातल्या कोणा पोराची पिशवी
मी फ्रीजमधून काढली,
क्रॉसमॅचला लावली.
पाऊण तास कोणी काही बोललं नाही.

रात्री वॉर्डाच्या दारातून जाताना ऐकलं.
हेमराज खाटेशी उभे,
"चैताली? ए चैती?"
आणि औषधाच्या झोपेतून, तळातून कुठून तरी,
बारीक,
"ओ."

चौकोनांचा कागद ते खिशात घालून घेऊन गेले होते.
मला नवा फॉर्म भरावा लागला.
वडिलांचं नाव या रकान्यात
मी कोणाला न विचारता लिहिलं.