शिअर पिन

तळ्यातून वर आली तेव्हा ती मोटर नव्हती,
चिखलाचा गोळा होता, दोन शिंपले चिकटलेले.
पाणबुड्या डोनोव्हन कुणाचा तरी नांगर शोधत होता,
हाती हे लागलं.
"आर्डिस, तुझ्यासाठी पेशंट," म्हणाला,
आणि माझ्या गॅरेजच्या दारात ठिबकत ठेवून गेला.

बत्तीस वर्षं मी दंतवैद्याच्या हाताखाली काढली.
निवृत्तीला घड्याळ देत होते,
मी बोथट झालेली हत्यारं मागितली.
कार्बुरेटरमधलं हिरवं कीट
दाढेतल्या किडीसारखंच काढायचं असतं,
घाई केली की भोक मोठं होतं.

चिखल गेल्यावर पितळी पट्टी दिसली:
एकोणचाळीस सालची, दोन सिलिंडर,
पाच घोडे.
पट्टीखाली खिळ्याने कोरलेलं: व्ही. ऑस्टबी.

आख्ख्या हॅल्वर्सन तळ्याला ती गोष्ट पाठ आहे.
व्हर्लिन ऑस्टबी, वय एकोणीस,
भावाच्या लग्नाला बेटावर निघालेला, मांडीवर अकॉर्डियन.
मधोमध होडी थांबली.
मोटर भुंकत होती, होडी हलत नव्हती.
त्याने आधी मोटर बंद केली,
(नशीब माझं, नाहीतर दांडे वाकले असते)
दोन्ही स्क्रू शांतपणे सैल केले,
आणि दोन्ही हातांनी उचलून तिला तळ्यात टाकलं.
वल्हंही आणलं नव्हतं.
मिलफर्डचं लग्न बिनसंगीताचं झालं,
पाहुणे टाळ्यांवर नाचले.
दोन वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही.

ऑक्टोबर ते एप्रिल ती माझ्या टेबलावर.
बाहेर बर्फ खिडकीच्या कडेपर्यंत.
फ्लायव्हील अकरा दिवस हललं नाही.
तेल, ऊब, तेल, पुन्हा ऊब,
मग कडेला एकच टोला,
आणि ते असं सुटलं, जणू कधी अडलंच नव्हतं.
कॉइलमधलं मेण वितळून गेलेलं.
बुचाचा फ्लोट कुजलेला; नवा कोरला
बहिणीने आणलेल्या वाइनच्या बाटलीच्या बुचातून.
वाइन भिकार होती, बूच चांगलं निघालं.

पण घोडं पेंड खात होतं कुठे?
ठिणगी येत होती. दाब होता. पिस्टन ठीक.
शेवटी पंखा काढला.
आत आडवी बसते ती पितळी पिन,
काडीएवढी, दोन तुकडे.
पंखा ओंडक्यावर आपटला तर
तिने तुटायचं, म्हणजे बाकीचं वाचतं.
तिचं काम तेवढंच.
तिने केलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही.
तेव्हा पाच सेंटला मिळायची.
शहाऐंशी वर्षांच्या माणसाला हे सांगायचं कसं?
तुकडे काडेपेटीत ठेवले आणि गप्प बसले.

ऑगस्टमध्ये आमचा मेळावा. धक्क्यावर जुन्या मोटरींची रांग,
निळा धूर, कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही
आणि सगळे खूश.
व्हर्लिन आला, काठी टेकत, बटणं वर-खाली लावलेला सदरा.
पट्टीवरून अंगठा फिरवला.
मग वाकला. थेट पंख्याकडे.
"पिन बदललीस?"

मी काडेपेटी काढली.
तो हसला नाही. "दुसऱ्या दिवशी दाढी करताना
लक्षात आलं," म्हणाला.
"पण तोवर चाळीस फूट पाणी."
"आणि मिलफर्डला?"
"त्याला वाटलं माझं डोकं फिरलं होतं.
वाटू दिलं. मूर्ख ठरण्यापेक्षा बरं."

या मोटरीला न्यूट्रल नसतो.
सुरू झाली की निघाली,
तुम्ही बसला असाल किंवा नसाल.
मी त्याला सांगितलं. "मला सांगतेस?" म्हणाला.
दोरी गुंडाळली, गाठ खाचेत घातली.
पहिल्या ओढीला शिंक.
दुसऱ्या ओढीला काही नाही.
तिसऱ्याला त्याने तिला नॉर्वेजियनमध्ये काहीतरी म्हटलं,
आणि होडी आम्हाला घेऊन सुटली,
मी पाठीवर, पाय वर,
त्याची काठी धक्क्यावरच.

बेटापर्यंत गेलो नाही. पेट्रोल तेवढं नव्हतं.
काडेपेटी मात्र त्याने परत दिली नाही.