महर

रोल्यात, बँकांच्या रस्त्यामागच्या गल्लीत
आमचं टायपिंग सेंटर.
एसी गळतो, त्याखाली लबानची रिकामी बादली.
पन्नास दिरहमला अर्ज, ऐंशीला भाषांतर,
रडणं फुकट.

मंगळवारी दुपारी आल्या हेमांगी नेवरेकर.
नवरा सोबत. मधली खुर्ची रिकामी ठेवून बसले दोघं.
माझं मराठी ऐकून
त्यांचे खांदे दोन बोटं खाली आले.
"तुम्ही कुठले?"
"खेडचा."
"मग बरं झालं," त्या म्हणाल्या,
जणू खेडच्या माणसाने टाईप केलं
की व्याज कमी लागतं.

गोष्ट लांबडी नव्हती.
मार्चमध्ये कंपनीला टाळं, पाच पगार आत अडकलेले.
कर्ज घेताना बँकेला दिलेला एक कोरा चेक,
सही ह्याची, आकडा त्यांचा. तो वटला नाही.
आता विमानतळ ह्याच्या नावावर बंद,
हिचा व्हिसा ह्याच्या नावावर,
मुलीचा दाखला फीच्या नावावर.
एका दाव्याला दुसरं दावं,
आणि खुंटा कुठे ते कुणालाच ठाऊक नाही.

"भांडण झालंय का?"
"नाही हो," त्या म्हणाल्या. "हिशोब झालाय."

मी वकील नाही, हे आधीच सांगतो सगळ्यांना.
मग चौदा वर्षांत जे कानावर पडलं ते सांगतो:
पळू नका. पळालेल्याचा कागद परत येत नाही.
बँकेकडे स्वतः जा, हप्ते पाडून मागा,
तोंडी नको, शिक्क्यासकट मागा.
पगाराची तक्रार कामगार खात्यात टाका,
ग्रॅच्युइटी तुमची आहे, ती मागताना वाकू नका.
कर्जावर बाईंची जामीन म्हणून सही आहे का, ते आधी बघा.
फारकतीआधी समजुतीच्या खोलीत बसवतील,
तिथे रचलेलं भांडण भांडू नका, त्यांनी खूप पाहिलीयत.
आणि विचारतील, कायदा इथला लावू की तुमच्या देशाचा,
तेव्हा घाईत मान हलवू नका.
कॉन्सुलेटमध्ये विचारा, वकिलाची फी आधी विचारा.

नवरा सगळं लिहून घेत होता
पिझ्झाच्या बिलाच्या पाठीवर.
"जामीन" शब्दाशी पेन थांबलं.
"गाडी घेतली तेव्हा," तो म्हणाला,
"मीच म्हटलं होतं हिला, कर सही, काय होतंय."
त्या बादलीकडे बघत होत्या.

अर्जाचा साचा जुना, सगळ्यांना एकच.
मी एकेक रकाना वाचत गेलो.
नाव. जन्म. लग्नाची तारीख, त्यांनी सांगितली,
त्यानेही, एकाच वेळी.
"महर?"
"माहेर? नाही राहिलं हो.
आई गेली, वहिनीने कुलूप बदललं.
भाऊ फोन घेतो, पण गाडी चालवत असतो नेहमी."
"देवरुखला मावशी आहे तिची," नवरा म्हणाला,
"तिचा पत्ता चालेल का?"

आमच्या घरात दोन्ही शब्द होते.
माझ्या आईचा महर एकशे एक रुपये,
त्यातले एकावन्न अजून यायचेत असं ती हसून सांगायची.
माहेर खाडीपलीकडे, तरीतून वीस मिनिटं.
मी सांगायला तोंड उघडलं, हा वेगळा शब्द, बाई,
इथे फक्त आकडा लागतो.
सांगितलं नाही.

रकाना रिकामा सोडायचा नसतो,
मागाहून कुणी काही भरू नये म्हणून
आडवी रेघ मारतात.
मी मारली.
"ही कशाला?" त्याने विचारलं. मी सांगितलं.
तो रेघेकडे बराच वेळ बघत राहिला.
"चेकच्या वेळी हे कुणी बोललं नाही."

ऐंशी झाले होते, साठ घेतले.
जाताना मधली खुर्ची त्याने नीट सरकवून ठेवली,
दार तिने धरलं.

बादली काठोकाठ आली होती.
ओतून आलो.