सदृश

काचेची सुरी मी स्वतःच फोडून घेते.
हिऱ्याची संस्थेत एकच, ती प्राध्यापक हानुशांच्या कुलपात.
स्व्रात्का नदीकाठच्या डबक्यातला अमीबा
आता राळेच्या ठोकळ्यात घट्ट बसलाय.
त्याचे काप पाण्यावर तरंगतात:
चंदेरी असले तर ठेवायचे,
जांभळे म्हणजे जाड, फेकायचे.
उचलायला पापणीचा एक केस, काडीला चिकटवलेला.
तो केस तुझा, लुबोर.
माझ्या पापण्या आखूड,
म्हणून तू उपटून दिलेला, शिंकत, शिव्या देत.

अंधाऱ्या खोलीत हिरवा पडदा उजळतो.
केंद्रक सापडतं, आणि त्यात
ते.
सहा कोनांचे, काळ्या गाभ्याचे.
एकशे बारापर्यंत मोजते, मग सोडते.
आमच्या तळघरात बटाटेसुद्धा
इतके नीट रचलेले नसतात.

कधी आले?
दार याला नाहीच,
समोर येईल त्याला अंगानेच कवळतो, अंगानेच गिळतो.
की कुणी आलंच नव्हतं,
दर वेळी दुभंगताना
दोन्ही अर्ध्यांनी वाटून घेतलेलं हे जुनंच काही?
अमीबा धडधाकट होता.
ऑस्मियमचा थेंब पडला तेव्हाही
शेवाळाचा एक कण पोटात घोळवत होता.

हानुश भिंगातून फोटो बघतात.
"विषाणू नको. विषाणूसदृश कण लिहा.
लागण कुठे दाखवलीत तुम्ही?"
बरोबर आहे. निरोगी अमीबांना ते कण पाजून
मी तीन आठवडे वाट पाहिली. काही झालं नाही.
टाइप करते: सदृश.
हा शब्द मला आवडतो,
त्यात खोटं बोलावं लागत नाही.

मग लेखकांची नावं.
तुझ्यावर एक रेघ, पट्टी लावून मारलेली.
ऑगस्टातले रणगाडे पाहुणे म्हणून आले होते
असं लिहिलेल्या कागदावर तू सही केली नाहीस.
मी केली.
तू आता इस्पितळाच्या बॉयलरमध्ये कोळसा ओततोस,
माझी ट्राम तिथूनच वळते, आणि मी
त्या वळणावर दर वेळी पिशवीत काहीतरी शोधते.

रात्री पद्धतीचा भाग पुन्हा टाइप केला,
एक ओळ वाढवली:
काप पापणीच्या केसाने उचलले.
हानुशांनी वाचलं, मान हलवली, पाकीट बंद केलं.
कुणाच्या पापणीचा,
ते लिहायची पद्धत नसते.